‘शेतकऱ्यां’तला अर्धा र

“पाच वाजता मला त्यांना एक नाव द्यायचं आहे,” सामंत म्हणाले. “तुम्ही फक्त एवढं लेखी द्या, की आपल्या कॉम्प्युटरमधून काही बाहेर गेलेलं नाही. बाकी माझं मी बघतो.”

शनिवारचे साडेअकरा वाजले होते. मोहन सामंत यांचा वागळे इस्टेटमध्ये छापखाना आहे. तेथील संगणक आणि नेटवर्क यांच्या देखभालीचे काम माझ्याकडे आहे. दर तीन महिन्यांनी मी जाते, तपासणी करते, फॉर्म भरते आणि एक प्रत त्यांच्या फाइलला लावते. त्याआधी अकरा वर्षे मी शाळेत संगणक शिकवीत असे. फॉर्म भरण्याची सवय तिथलीच.

घडले होते ते असे. डोंबिवलीतील एका शिक्षणसंस्थेच्या चार शाळांची दहावीची पूर्वपरीक्षा सोमवारपासून सुरू व्हायची होती. तिच्या प्रश्नपत्रिका सामंतांकडे छापल्या जात. शुक्रवारी संध्याकाळी इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेचे पहिले पान कल्याणमधील पालकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आले. संस्थेच्या सचिवांनी सामंतांना फोन केला. शनिवारी पाचपर्यंत पेपर कोणी फोडला ते सांगा. न सांगितल्यास तक्रार छापखान्याविरुद्ध होईल, असा निरोप होता.

सामंतांकडे नाव तयार होते. सुनंदा वैद्य. वैद्यबाई तेथे बावीस वर्षे मुद्रितशोधक आहेत. मुद्रितशोधक म्हणजे छपाईपूर्वी मजकूर वाचून त्यातील चुका काढणारी व्यक्ती. त्यांच्यासाठी कागदावर जी कच्ची प्रत काढतात, तिला प्रूफ म्हणतात.

“हे पहिलं प्रूफ आहे,” सामंतांनी फोनवरचे पान मला दाखवले. “चौथ्या प्रश्नाचे गुण बघा. पाचच्या जागी सहा. बाईंनी ते दुरुस्त केलं, दुसऱ्या प्रुफात ते नाही. पहिलं प्रूफ एकदाच निघालं आणि एकाच माणसाच्या हातात गेलं.”

“नंतर त्याचं काय झालं?”

“श्रेडरमध्ये गेलं. टाकलं कोणी? बाईंनीच. आणि त्यांच्या भाचीची मुलगी त्याच संस्थेत दहावीला आहे. आता आणखी काय हवं?”

वैद्यबाई बाहेर रिसेप्शनमधील बाकावर मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. सोमवारपासून येऊ नका, असे त्यांना सकाळीच सांगण्यात आले होते. तरी त्या ठाकुर्लीला घरी गेल्या नव्हत्या. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आले, तेव्हा त्या म्हणाल्या, “कर्णिकबाई, नाव द्यायचं तर देऊ देत. माझ्यासमोर देऊ देत. घरी बसून ऐकणार नाही मी.”

त्या रडत नव्हत्या. मात्र पर्सची चेन उघडत आणि लावत होत्या.

मी आत जाऊन ते पान पुन्हा पाहिले. प्रथम एक गोष्ट खटकली. वैद्यबाईंची एक रीत आहे. प्रूफ हातात पडले की पहिली ओळ वाचण्याआधी त्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘प्र. १’, तारीख आणि स्वतःची आद्याक्षरे लिहितात. त्या पानाचा कोपरा कोरा होता.

“लिहायच्या आधी फोटो काढला असेल,” सामंत म्हणाले.

शंका रास्त होती. केवळ कोऱ्या कोपऱ्यावरून काही सिद्ध होत नव्हते. म्हणून मी पान मोठे करून पाहिले. कागदाचा फोटो काढला की एखादी बाजू किंचित तिरपी येते, कुठेतरी सावली पडते आणि अक्षर मोठे करत गेले की त्याच्या कडा फुटतात. येथे सावली नव्हती. चारही समास काटकोनात होते. अक्षर कितीही मोठे केले तरी कडा धारदार राहत होत्या.

“सामंतसाहेब, हा फोटो नाही. ही फाइल आहे. हे पान कागदावरून गेलेलंच नाही.”

“म्हणजे पाटील?”

प्रकाश पाटील हे अक्षरजुळणी करणारे ऑपरेटर. घर डोंबिवलीच्या जुन्या गावठाणात, छापखान्यात वीस वर्षे. सामंतांनी इतक्या सहजपणे दुसरे नाव उचललेले पाहून मला बरे वाटले नाही. मी पाटलांच्या संगणकावर जाऊन बसले. ते एकाच फाइलवर दुरुस्त्या करत जातात आणि तीच फाइल पुन्हा साठवतात. दुसरे प्रूफ निघाल्यावर पहिल्या प्रुफाचा मजकूर त्यांच्याकडे शिल्लक राहत नाही. दोन प्रुफांच्या मधल्या तासाभरात ती फाइल त्यांच्या संगणकाबाहेर एकाच ठिकाणी गेली होती. ते ठिकाण म्हणजे प्रिंट सर्व्हर.

प्रिंट सर्व्हर म्हणजे काय, ते सांगते. वर्गात चाळीस मुले एकाच वेळी वही तपासायला आणत नाहीत. टेबलावर गठ्ठा लावतात आणि शिक्षक वरून एकेक वही घेतात. कार्यालयातले सगळे संगणक छापण्याचा मजकूर असाच एका संगणकाकडे पाठवतात. तो गठ्ठा लावतो आणि प्रिंटरला एकेक काम देतो. हा गठ्ठा सांभाळणारे एक सॉफ्टवेअर असते. सामंतांकडील सॉफ्टवेअर छापून झालेल्या कामाची प्रतही आठवडाभर जपून ठेवत असे, पुन्हा छापायची वेळ आली तर सोय म्हणून. या प्रती एका वेब पेजवर दिसत. ते पेज पासवर्डशिवाय उघडत नसे. निदान उघडू नये, अशी अपेक्षा होती.

त्या सॉफ्टवेअरमध्ये काही काळापूर्वी एक गंभीर त्रुटी आढळली होती. पासवर्डच्या पानावर न थांबता सेटिंगच्या एका विशिष्ट पानाचा पत्ता थेट टाइप केला, की सॉफ्टवेअर समोरच्या व्यक्तीला व्यवस्थापक समजून आत घेत असे. पुढच्या दाराला कुलूप आणि मागची खिडकी नुसती लोटलेली, तसा हा प्रकार. ही युक्ती इंटरनेटवर सर्वांना वाचायला मिळत होती. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने त्यावर पॅच काढला. पॅच म्हणजे शब्दशः ठिगळ. फाटलेल्या जागेपुरता नवा तुकडा.

तो पॅच मी मागच्या भेटीत टाकला होता. फॉर्म फाइलमध्ये होता. माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘प्रिंट सर्व्हर – सुरक्षा पॅच टाकला. टेस्ट प्रिंट ओके.’ खाली पाटलांची सही.

मी सर्व्हरवर आवृत्तीचा क्रमांक पाहिला. तो जुना होता. फॉर्म पुन्हा वाचला, क्रमांक पुन्हा पाहिला. जुनाच होता. मग सर्व्हरची नोंदवही उघडली. कोणते सॉफ्टवेअर केव्हा टाकले आणि केव्हा काढले, हे संगणक स्वतः लिहून ठेवतो. पॅच मी दुपारी एक वाजता टाकला होता. दोन वाजता मी निघाले. तीन चाळीसला पॅच काढून टाकलेला होता.

म्हणजे तीन महिने खिडकी उघडी होती आणि फाइलमध्ये ती बंद असल्याचा माझा दाखला होता.

पाटील दारात उभे होते. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

“पाटील, हा पॅच कोणी काढला? तीन महिने मागची खिडकी उघडी राहिली.”

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. “मीच काढलेला, मॅडम.”

“का?”

“तुम्ही गेलात ना त्या दिवशी, त्याच्यानंतर भात लागवडीची पुस्तिका काढायला घेतली. मुरबाडच्या पार्टीची. पहिलं प्रूफ बाईंकडे पाठवलं. पाच मिनटात बाई उठून माझ्या टेबलाजवळ. बोलल्या, ‘पाटील, पानापानावर शेतकरी लंगडा केलाय तुम्ही!’”

“लंगडा म्हणजे?”

त्यांनी एका जुन्या कागदाच्या मागे लिहून दाखवले. ‘शेतकऱ्यांनी’ या शब्दात ‘या’च्या आधी जो कोयतीसारखा बारीक अर्धा र असतो, तो उडाला होता. सगळीकडे ‘शेतकयांनी’ छापले जात होते. ‘किनाऱ्यावर’चे ‘किनायावर’, ‘दुसऱ्या’चे ‘दुसया’. स्क्रीनवर शब्द बरोबर दिसे. कागदावर र नाहीसा होई.

कारण मला लगेच कळले आणि कळल्यावर स्वतःचा राग आला. पॅचबरोबर प्रिंटरचा नवा ड्रायव्हरही आला होता. ड्रायव्हर हा संगणक आणि प्रिंटर यांच्यामधला दुभाषी. सामंतांकडे अजून जुन्या पद्धतीचा मराठी फॉन्ट वापरतात. त्यात मराठी अक्षरे इंग्रजी चिन्हांच्या जागांवर बसवलेली असतात. हा अर्धा र ज्या जागेवर बसवला होता, ती जागा इंग्रजीत एका अदृश्य चिन्हाची आहे. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा, एवढेच ते चिन्ह सांगते. नव्या दुभाष्याने नियम पाळला. अदृश्य चिन्ह त्याने अदृश्य ठेवले.

आणि मी टेस्ट प्रिंट कशाची काढली होती? संगणकात आयतेच असते त्या पानाची. ते पान संपूर्ण इंग्रजीत असते. मराठी छापखान्यात जाऊन मी इंग्रजी पान छापले, ते सुबक आलेले पाहिले आणि ‘ओके’ लिहिले.

“मला फोन का नाही केलात?”

“त्या फॉर्मवर माझी सही होती ना, मॅडम. प्रिंट ओके म्हणून. दोन तासांपूर्वी सही केली, आता कुठल्या तोंडाने सांगू प्रिंट ओके नाही? बाई डोक्यावर उभ्या. म्हटलं, जुनं होतं ते चालत होतं. काढला. र परत आला.”

“बरोबर आहे,” मागून आवाज आला. वैद्यबाई केव्हा आत आल्या होत्या, कळले नव्हते. “मीच म्हटलं, काय नवीन टाकलंय ते आधी काढा. नाहीतर प्रूफ वाचणार नाही.” त्यांनी स्क्रीनकडे पाहिले. “म्हणजे ही खिडकी मी उघडायला लावली?”

प्रश्न सरळ होता. “हो,” मी म्हणाले. “आणि ती बंद राहिली आहे की नाही, हे मी बघितलं नाही.”

पुढचे काम होते, खिडकीतून कोण आले ते पाहणे. वेब पेज कोणत्या उपकरणाने, केव्हा उघडले, याचीही नोंद सर्व्हर ठेवतो. बुधवारी सकाळी पहिले प्रूफ निघाले होते. त्याच दिवशी बारा दहाला एक फोन सेटिंगच्या त्या पानावर पोहोचला होता आणि तीन मिनिटांत इतिहासाच्या पानाची प्रत उतरवून घेतली होती. फोन रिसेप्शनच्या वायफायवर होता. त्या वायफायचा पासवर्ड ग्राहकांच्या सोयीसाठी भिंतीवर लावलेला होता आणि ते वायफाय व प्रिंट सर्व्हर एकाच नेटवर्कवर होते. नेटवर्क वेगळे करा, असे मी दोनदा सुचवले होते. सुचवून थांबले होते.

“वैद्यबाईंचा फोन या वायफायवर कधी आलाच नाही,” मी सामंतांना नोंद दाखवली. “पाटलांचाही नाही. हा फोन यादीत त्या एकाच दिवशी दिसतो.”

सामंतांनी रिसेप्शनची वही मागवली. बुधवारी बारा ते साडेबारा या वेळेत तीन नावे होती. त्यांतले एक कल्याणच्या एका क्लासचालकाचे. हँडबिल छापायला आलेले गृहस्थ. सामंतांचा चेहरा एकदम उजळला.

“सापडला! हेच नाव देतो.”

“नाव नका देऊ,” मी म्हणाले.

“आता काय झालं?”

“वेळ जुळते, एवढंच आपल्याला माहीत आहे. सकाळी भाचीची मुलगी जुळत होती.”

त्यांनी वही मिटली. “मग देऊ काय?”

“नोंद देऊ. फोनची, वेळेची आणि वहीचं पान जसंच्या तसं. तो फोन कुणाचा, ते शोधणारे शोधतील.”

मी अहवाल लिहायला बसले. खरी अडचण तिथे आली. सामंत खुर्ची ओढून शेजारी बसले. “कर्णिक मॅडम, पॅच काढला वगैरे घालू नका. सॉफ्टवेअरमध्ये दोष होता, बाहेरच्याने फायदा घेतला. संपलं. घरातलं कशाला बाहेर?”

सोपा मार्ग होता आणि त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. शिवाय पॅच कोणी काढायला लावला हे लिहिले, तर ज्या बाईंना आत्ताच सोडवले त्यांना मी पुन्हा अडकवणार होते. पण उपाय कंपनीने केव्हाच दिला होता. तो का टिकला नाही, हे न लिहिता फक्त दोष लिहिला असता तर अहवाल वाचणाऱ्याला काहीच कळले नसते. मी पाटलांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली, पण काय सुचवत होते ते मला समजले नाही.

वैद्यबाईंनी टेबलावरचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला. “लिहा. पाटलांनी काढला, मी काढायला लावला. दोन्ही लिहा.”

“बाई, ते तुम्हाला पुन्हा—”

“बावीस वर्षं लोकांच्या चुका लाल शाईने दाखवतेय मी. माझी एक आली तर पांढऱ्याने झाकू? लिहा. फक्त ‘शेतकऱ्यांनी’ नीट लिहा.”

पाटील हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी हसले होते. “बाईंना पकडवॉरंट आलं तरी आधी त्यातली वेलांटी तपासतील.”

“तपासणारच,” बाई म्हणाल्या. “नाव चुकलं तर दुसरीलाच धरून नेतील.”

मी तीन चुका अनुक्रमे लिहिल्या. पहिली माझी : मराठी मजकुराची चाचणी न घेता काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला आणि नंतर पडताळणी केली नाही. दुसरी, छपाई बिघडल्यावर मला न कळवता पॅच काढण्यात आला. काढला पाटलांनी, वैद्यबाईंच्या सांगण्यावरून. तिसरी, ग्राहकांचे वायफाय वेगळे केले नाही. ही सामंतांची होती. त्यांनी ती दोनदा वाचली आणि अहवालावर शिक्का मारला.

पाच वाजता फोन आला. सामंतांनी स्पीकर लावला. सचिवांचा आवाज करडा होता. “नाव?”

“नाव नाही. अहवाल पाठवलाय. पान आमच्या सर्व्हरवरून गेलं. एक बाहेरचा फोन होता, त्याची नोंद जोडली आहे. आमच्या माणसांपैकी कोणी ते पाठवलेलं नाही. पण दार आमच्याकडून उघडं राहिलं.”

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत होता. “या वैद्य कोण?”

सामंतांनी बाईंकडे पाहिले. “आमच्या मुद्रितशोधक. बावीस वर्षं आहेत. पेपरातली गुणांची चूक त्यांनीच पकडली होती. तुमच्याकडून आलेल्या मूळ प्रतीतली.”

इतिहासाचा पेपर शेवटच्या दिवशी घेऊ, प्रश्नपत्रिका नवीन काढू, तक्रार अज्ञात व्यक्तीविरुद्ध करू, असे सचिवांनी सांगितले. नवी प्रश्नपत्रिका त्यांनी दुसरीकडे छापून घेतली. पुढच्या परीक्षेचे कामही सामंतांकडे आले नाही. तो फोन कुणाचा निघाला, मला कळले नाही आणि मी विचारले नाही.

त्या संध्याकाळी मी पॅच पुन्हा टाकला. मग ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये एक पर्याय निवडला, ज्यामुळे मजकूर अक्षरे म्हणून न जाता चित्र म्हणून प्रिंटरकडे जातो. दुभाष्याला अक्षरे वाचताच येत नाहीत, त्यामुळे तो काही गाळत नाही. भात लागवडीच्या पुस्तिकेचे एक पान छापले. र जागेवर होता. या सगळ्याला दहा मिनिटे लागली. तीन महिन्यांपूर्वीही दहाच लागली असती.

वैद्यबाईंनी ते पान हातात घेतले, कोपऱ्यात ‘प्र. १’ लिहिले आणि वाचून खाली ठेवले. सामंत दाराशी रेंगाळले. “बाई, सोमवारी या.”

“येणारच होते,” बाई म्हणाल्या. “भूगोलाचं दुसरं प्रूफ बाकी आहे.”

एवढ्यावर ते प्रकरण त्या दोघांपुरते मिटले. दिलगिरीचा शब्द मी तरी ऐकला नाही.

पॅच टाकला गेला, हे संगणक सांगू शकतो. तो का काढावासा वाटला, हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी समोर बसून काम करणाऱ्यालाच विचारावे लागते आणि उत्तर देताना त्याला स्वतःच्या सहीची भीती वाटता कामा नये. मी माझा फॉर्म बदलला. ‘टेस्ट प्रिंट ओके’ ही ओळ काढली. तिच्या जागी ‘या बदलामुळे कुणाचे काय अडले?’ असे लिहून खाली चार ओळी रिकाम्या सोडल्या. तेथे सही मागितलेली नाही.

पुढच्या दोन भेटींत त्या ओळी कोऱ्याच मिळाल्या. तिसऱ्या भेटीला पाटलांचे अक्षर होते : ‘वाङ्मयातलं जोडाक्षर छापताना फुटतंय. काम अडलेलं नाही, पण सांगून ठेवतो.’